रेटिंग वाढते कसे, घटते कसे

बुद्धिबळात एक मुलगा डाव जिंकतो आणि त्याचे रेटिंग जेमतेम ३ अंकांनी वाढते. दुसरा नुसती बरोबरी करतो, तरी साडेपाचांवर अंक मिळवतो. हा हिशेब अन्याय्य वाटतो, कारण रेटिंगला आपण बक्षीस समजतो. खरे तर तो अंदाज आहे. निकालाने अंदाज जितका चुकवला, तितकीच दुरुस्ती होते.

हंगेरीत जन्मलेले अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची ही पद्धत फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, १९७० मध्ये स्वीकारली. समजा, अमरावतीची १४ वर्षांची मुलगी, रेटिंग १५००, अकोल्यात १६०० रेटिंगच्या प्रौढ खेळाडूसमोर बसली. १०० अंकांच्या फरकाला फिडेचे कोष्टक तिच्याकडून ०.३६ गुणांची अपेक्षा धरते. असे १०० डाव झाले तर ३६ गुण. मिळालेल्या गुणांतून ही अपेक्षा वजा करायची आणि उरेल त्याला ‘के’ या गुणकाने गुणायचे. अठराच्या आतल्या, २३०० खालच्या खेळाडूचा के ४०. जिंकली तर ०.६४ गुणिले ४०, म्हणजे २५.६ अंकांची वाढ. बरोबरी झाली तर ५.६ वाढ, हरली तर १४.४ घट. समोरच्याचा के २० असेल, तर तो हरल्यास त्याचे १२.८ अंकच जातात. तिची कमाई तेवढा त्याचा तोटा, असे होत नाही.

के वेगवेगळा का? वाढत्या वयातल्या खेळाडूची ताकद झपाट्याने बदलते, म्हणून त्याचा आकडाही लवकर हलावा लागतो. एकदा २४०० गाठले की के १०, मग रेटिंग पुढे घसरले तरी. अमरावतीचे ग्रँडमास्टर स्वप्निल धोपाडे बरोबरीच्या रेटिंगवाल्याला हरवतील तर ५ अंक. तेच या मुलीला २०.

हा हिशेब आधीच रेटिंग असलेल्यांचा. पहिल्या रेटिंगसाठी रेटिंग असलेल्यांशी किमान ५ डाव लागतात. मार्च २०२४ पासून १४०० खालचे रेटिंग यादीत येत नाही.

ग्रँडमास्टर किताबाची नेहमीची वाट म्हणजे २५०० रेटिंग आणि तीन नॉर्म, म्हणजे ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धांतील ठरावीक कामगिरी. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि रेटिंग २५०० खाली असतानाच हा किताब थेट मिळवला. किताब जन्मभराचा, रेटिंग मात्र दर महिन्याला नव्याने मांडले जाते. म्हणून स्पर्धेहून परतलेल्या मुलाला ‘किती वाढले?’ विचारण्याआधी ‘समोर कोण होते?’ हे विचारावे.