लुंबिनीच्या वेशीवर बसून राहिलेली आत्या

अकोल्याच्या आमच्या आत्याबाईने तीन वर्षे भिशी भरली ती एका यात्रेसाठी. अमरावतीच्या एका महिला मंडळाने बस ठरवली होती. सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि मग सीमेपलीकडे लुंबिनी. आत्याबाईने कापूस वेचून, लोकांच्या घरी पापड-कुरड्या करून पैसे जमवले. पांढरे लुगडे घेतले. निघताना यात्रा नेणाऱ्याने सगळ्यांना एकच सांगितले होते, "नेपाळले विसा लागत नाही, पासपोर्ट लागत नाही. आधार घ्या सोबत, बस झालं."

गोरखपूरहून शंभरेक किलोमीटरवर सोनौली आहे. इकडे सोनौली, तिकडे बेलहिया, मध्ये एक कमान. माणसे पायी, रिक्षाने, सायकलवर ये-जा करीत असतात. बाजारातून बाजारात गेल्यासारखे वाटते. तिथे चौकीवर कार्डे पाहिली गेली. आत्याबाईचे वय ५८. तिने आधार कार्ड पुढे केले. "मतदान कार्ड आहे का? पासपोर्ट?" मतदान कार्ड होते, पण ते अकोल्याला लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली. तिच्यासोबत आणखी एक बाई अडली. तिच्याच मागे उभी असलेली सत्तर वर्षांची म्हातारी मात्र त्याच आधार कार्डावर पार झाली.

आत्याबाई दिवसभर चहाच्या टपरीजवळ बाकावर बसून होती, बाकीच्यांच्या पिशव्या सांभाळत. "मी इतल्या दुरून आली, अन् वेशीवरच बसली," एवढेच ती नंतर सांगायची. संध्याकाळी बायका परतल्या तेव्हा त्यांनी तिच्यासाठी पुष्करिणीचे पाणी बाटलीत भरून आणले. ती बाटली आजही तिच्या घरी बुद्धमूर्तीजवळ आहे.

वाचक भगिनींनो, चौकीवरच्या माणसाने नियमच पाळला होता. चूक झाली ती इथे, बस सुटण्यापूर्वी. "विसा लागत नाही" याचा अर्थ "कागद लागत नाही" असा आपण सगळ्यांनीच करून घेतला.

मुळात ही सवलत आली कोठून? ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता व मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने एका देशाच्या नागरिकांना दुसऱ्या देशात राहणे, मालमत्ता घेणे, व्यापार करणे, फिरणे यांबाबत परस्परांना सारख्या सवलती देण्याचे ठरले. म्हणून भारतीयाला नेपाळात विसा नाही आणि राहण्याची मुदतही नाही. दोन दिवस राहा की दोन वर्षे, पासपोर्टावर शिक्का बसत नाही. अकोल्या-अमरावतीच्या गल्ल्यांतून रात्री शिटी वाजवत फिरणारा गुरखा आठवा. तो आपल्याकडे वर्षानुवर्षे राहतो तो याच कराराच्या आधाराने. बाबासाहेब चौथ्या जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले आणि २० नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी तिथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले, तेव्हा हा करार सहा वर्षांचा होता.

पण सीमा मोकळी असली तरी आपण भारतीय आहोत हे दाखवावे लागतेच. त्यासाठी मुख्य कागद दोन: चालू मुदतीचा पासपोर्ट, किंवा निवडणूक आयोगाचे फोटो असलेले मतदान कार्ड. दोन्हींपैकी एक पुरे. आधार कार्ड चालते ते फक्त १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना. त्यांना आधारऐवजी फोटो असलेला आणि वय सांगणारा दुसरा कागदही चालतो, जसे पॅन कार्ड किंवा वाहन परवाना. मधल्या वयाच्या माणसाला नुसत्या आधारवर जाता येत नाही. म्हणूनच सत्तरीची म्हातारी गेली आणि आत्याबाई राहिली. पोरांचे आणखी एक आहे. १५ ते १८ वर्षांच्या मुलामुलीला मतदान कार्ड असणारच नाही. त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे ओळखीचे प्रमाणपत्र न्यावे. ते ठरलेल्या नमुन्यात असते, म्हणून सुट्ट्या लागण्यापूर्वीच शाळेत जा. मे महिन्यात मुख्याध्यापक कोठे सापडायचे?

ज्या बायकांचे मतदान कार्ड हरवले किंवा ज्यावर नाव चुकले आहे, त्यांनी तहसीलच्या निवडणूक शाखेत नमुना ८ भरावा. दुरुस्ती आणि नवे कार्ड दोन्ही त्यातच होते. आपल्या बायकांचे हे दुखणे जुने आहे: एका कार्डावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर आडनावाची भलतीच अक्षरे. यात्रा दोन महिन्यांवर असतानाच कार्ड पेटीतून काढून पाहा.

माणसाला मुदत नाही, पण गाडीला आहे. आपली एमएच-२७ किंवा एमएच-३० ची बस नेपाळात न्यायची तर सीमेवर भन्सार, म्हणजे जकातीचा कागद, करावा लागतो आणि तो दिवसांवर असतो. जेवढे दिवस लिहिले त्याहून जास्त राहिलात तर दंड बसतो. म्हणून काही मंडळे बस सोनौलीलाच ठेवतात आणि पलीकडे स्थानिक गाडी करतात. तिथून भैरहवा आणि पुढे लुंबिनी मिळून तीसेक किलोमीटर पडते. आपले शंभर रुपये म्हणजे नेपाळचे एकशे साठ. हा भाव १९९३ पासून बांधलेला आहे. मोठ्या नोटांवर नेपाळने वेळोवेळी बंधने घातली आहेत आणि ती बदलतही आली आहेत, म्हणून शंभराच्या नोटा जवळ असलेल्या बऱ्या. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करा, नाहीतर बसवाला ओरडतो.

आता एक निराळी गोष्ट, जी हल्ली आपल्याही घरांत येऊ लागली आहे. कोणाचा भाचा लंडनला स्थायिक झालेला, कोणाची नात अमेरिकन पासपोर्टाची. ती सुट्टीत आली की आजीसोबत यात्रेला निघते. तिला नेपाळचा करार लागू नाही, मग तिचे आईबाप वऱ्हाडातले का असेनात. ओसीआय कार्डही नेपाळच्या दारात कामाचे नाही. तिला सीमेवर विसा घ्यावा लागतो: १५ दिवसांचा ३० डॉलर, ३० दिवसांचा ५०, ९० दिवसांचा १२५; आणि पर्यटक म्हणून वर्षात एकूण १५० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. खरी अडचण परतताना येते. ओसीआय असेल तर चिंता नाही. पण पोरगी भारताच्या ई-विसावर आली असेल, तर तो विसा ठरावीक विमानतळ-बंदरांवरून आत येण्यासाठी असतो. सगळ्या जमिनीवरच्या चौक्यांवर तो चालत नाही. जाताना कोणी अडवत नाही, येताना आजी इकडे आणि नात तिकडे अशी पाळी येते. तिकीट काढण्यापूर्वी विसा कोणत्या प्रकारचा आहे आणि सोनौलीहून परत घेतील का, हे विचारून घ्या.

काही मंडळे आता थायलंडलाही जातात. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस विनाविसा प्रवेश दिला आणि १५ जुलै २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांची केली. पण तिथे पासपोर्ट हवाच, आणि मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाथ दंड आहे, जास्तीत जास्त २०,००० पर्यंत. शिवाय ही नेपाळसारखी करारातली गोष्ट नव्हे. सरकारने पर्यटक यावेत म्हणून दिलेली सूट आहे; एका आदेशाने ती वाढते, एका आदेशाने कमी होते. शेजारणीला मागच्या वर्षी किती दिवस मिळाले यावर आपला हिशेब करू नये.

आमची आत्याबाई पुन्हा निघाली आहे. भिशी पुन्हा भरली. या खेपेस मंडळाच्या बैठकीत पैसे मोजण्याआधी ती उभी राहिली, पिशवीतून मतदान कार्ड काढले, त्याच्या दोन झेरॉक्स दाखवल्या आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "अन् तुयं कोठी हाय? पेटीत?"