सॅक्सोफोनवर राग

रत्नागिरीकडच्या लग्नघरीं सकाळीं सनई वाजते आणि सायंकाळीं वरातीच्या बँडांत कधीं सॅक्सोफोनही असतो. हीं दोन्ही वाद्यें जवळच्या नात्याचीं आहेत, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अंग पितळेचें असलें तरी सॅक्सोफोनचा नाद वेताच्या पातळ पातीच्या कंपनानें उत्पन्न होतो. बेल्जमच्या अॅडॉल्फ सॅक्सनें १८४६ सालीं त्याचें पेटंट घेतलें. सनईचीं छिद्रें मात्र उघडीं असतात. त्यांवरून बोट हळूच सरकविलें कीं मींड निघते. सॅक्सोफोनच्या छिद्रांवर झांकणें असतात, आणि झांकण एक तर मिटलेलें, नाहीं तर उघडलेलें. गोव्यांतील न्यूरा गांवचे ब्राझ गोन्साल्विस यांनीं या वाद्यावर राग वाजवूं म्हटलें, तेव्हां पहिली अडचण हीच.

पोर्तुगीज अमदानींतील गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन व पाश्चात्य स्वरलेखन शिकवीत. त्या विद्येच्या बळावर गोवेकर वादक मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत आणि पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. त्यांनीं वाजविलेलीं गीतें घरोघर पोंचलीं. त्यांचीं नांवें मात्र क्वचितच कोणाच्या कानीं आलीं. लिहिलेले स्वर वाचण्यापलीकडे ज्यांना कांहीं हवें होतें, त्यांना जॅझनें ओढलें. कारण त्यांत मूळ चाल एकदां सांगून झाली कीं पुढला विस्तार वादक जागच्या जागीं रचतो.

आपल्या गवयाला हें परकें वाटूं नये. पण भेद आहे, आणि तो मोठा आहे. आपल्याकडे षड्ज अढळ. जॅझमध्यें पियानोवरील स्वरसंघ पदोपदीं पालटतात. भूप चालू असतां पियानोवाल्यानें मध्यमाचा स्वरसंघ दाबला, कीं वर्ज्य स्वर आंत आला आणि भूप गेला! १९५९ च्या सुमारास अमेरिकेंत माइल्स डेव्हिस व जॉन कोल्ट्रेन एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ स्थिर राहून वाजवूं लागले, तेव्हां ही कोंडी फुटली.

श्रुतीची अडचण उरलीच. आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली, तिचें एक कारण हेंच होतें: पेटीचा गंधार लावला तो लावला, वादकाला तो तसूभरही हालवितां येत नाहीं. सॅक्सोफोन तोंडानें वाजतो. ओंठांचा दाब सैल वा घट्ट करून स्वर उतरवितां-चढवितां येतो. मींड निघते ती येथूनच, आणि तिची मेहनत सनईवाल्याच्या बोटांहून कमी नाहीं.

१९७० सालीं ‘राग रॉक’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. नांव ऐकून नाक मुरडणारे रसिक असतील. पण तीवर एका गोवेकर वादकाचें स्वतःचें नांव होतें. पुढें कलकत्त्यास पार्क स्ट्रीटवरील ब्लू फॉक्समध्यें लुई बँक्स यांचा सहवास लाभला. १९७८ सालीं निरंजन झवेरी यांच्या खटपटीनें मुंबईंत ‘जॅझ यात्रा’ सुरू होऊन अशा प्रयोगांना मंच मिळाला. बँक्स व गोन्साल्विस यांच्या संचांत कर्नाटक पद्धतीच्या गायिका रमामणि येऊन मिळाल्या, आणि तो संच युरोपांतही वाजवून आला.