वर्ध्याहून सागरतीरी : दुचाकीवरील दोघांचा उन्हाळी प्रवास

वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी एकाचे नाव समुद्रपूर आहे. परंतु आठही तालुक्यांपैकी एकाचीही सीमा समुद्राला भिडत नाही. अरबी समुद्राचा किनारा येथून रस्त्याने शेकडो किलोमीटर दूर आहे. या अंतरामुळेच की काय, समुद्रदर्शनाची ओढ विदर्भातील माणसाला विशेष असते. पूर्वी ती रेल्वेने किंवा एस.टी.ने भागविली जाई. अलीकडे मात्र मे महिन्याच्या सुटीत पती-पत्नी दोघेच मोटारसायकलवर निघालेले दिसतात. शाळांना सुटी, शेतीची कामे थोडी सैल आणि घरची दुचाकी हाताशी, असा हा योग असतो.

दुचाकीचा वर्ध्याशी एक जुना ऋणानुबंधही आहे. जमनालाल बजाज यांची कर्मभूमी वर्धा. त्यांना दत्तक घेणारे घराणे शेठ बछराज यांचे. १९४५ साली स्थापन झालेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनमधूनच पुढे बजाज ऑटो हा उद्योग उभा राहिला. कुटुंबाला घेऊन जाणारे वाहन म्हणून प्रथम स्कूटर आणि नंतर मोटारसायकल महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचली. त्या वाहनाने आता बाजारहाटाच्या पलीकडे, थेट समुद्रापर्यंत जाण्याची हिंमत धरली आहे. ही हिंमत स्वागतार्ह आहे. परंतु ऐन उन्हाळ्यातील ९०० किलोमीटरचा प्रवास ही साधी सहल नव्हे. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. म्हणून या प्रवासाची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

वर्ध्याचा समुद्रमार्ग

समुद्राकडे जाण्यासाठी सर्वप्रथम हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे समृद्धी महामार्गाचे नाव सुचते. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा मार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो आणि ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण लांबीने खुला झाला. तथापि या मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. वेगवान मोटारींच्या प्रवाहात दुचाकी असुरक्षित ठरते, हे त्यामागील कारण होय. पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत नियोजित असलेल्या शक्तिपीठ महामार्गाला जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मात्र त्याच्या भूसंपादनास अनेक ठिकाणच्या शेतकऱ्यांनी विरोध केलेला आहे.

दुचाकीस्वाराचा खरा समुद्रमार्ग जुनाच आहे. नागपूर-रत्नागिरी या नावाने लोक त्याला ओळखतात. बुटीबोरीहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड, हदगाव, नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर व औसा या गावांवरून तुळजापूरला पोहोचतो. तेथून सोलापूर आणि पुढे मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाटमार्गे रत्नागिरी. वर्ध्यापासूनचे एकूण अंतर सुमारे ९०० किलोमीटर भरते. साडेतीन शक्तिपीठांपैकी तुळजापूर व कोल्हापूर ही दोन याच मार्गावर आहेत आणि माहूर थोड्या वळणावर आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना नकाशावर दाखवावा असा हा मार्ग आहे. वर्धा, पैनगंगा, गोदावरी, भीमा, कृष्णा अशा मोठ्या नद्या तो ओलांडतो. प्रवासी पश्चिमेकडे निघालेला असतो, पण या सर्व नद्यांचे पाणी अखेर पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्राकडे जाताना उतार लागेल ही समजूतही येथे फसते. वर्धा शहर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरहूनही कमी उंचीवर आहे, तर कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे मार्ग एकंदरीत चढणीचा. आंबा घाट उतरल्यावर मात्र पाण्याची दिशा बदलते. साखरप्याजवळून वाहणारी काजळी नदी पश्चिमेकडे वाहत रत्नागिरीजवळ समुद्राला मिळते.

हे अंतर चार दिवसांत विभागणे हितावह ठरते. पहिला मुक्काम नांदेड, दुसरा सोलापूर, तिसरा कोल्हापूर. पहिल्या तिन्ही दिवशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास मजल पडते. चौथ्या दिवशी उरतात सुमारे १३० किलोमीटर, आणि त्यांत घाट आहे. एका दिवसात पाचशे किलोमीटर तोडण्याचा हव्यास धरल्यास दुपारचे ऊन आणि रात्रीचा अंधार, दोन्ही वाट्याला येतात.

उन्हाचे गणित

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो व नवतपा सुरू होतो. अशा वेळी गाडीवर वारा लागतो म्हणून शरीर थंड राहील, हा समज घातक आहे. त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून तप्त झाली की वारा शरीरातील उष्णता नेत नाही, उलट बाहेरची उष्णता आणून देतो. मग घामाचे बाष्पीभवन हाच थंडाव्याचा एकमेव मार्ग उरतो. कोरड्या हवेत, धावत्या गाडीवर, घाम येतो त्याच क्षणी उडून जातो. कपडे कोरडेच राहतात आणि आपल्याला घाम आलाच नाही असे प्रवाशाला वाटते. तहान लागेपर्यंत शरीरातील पाणी बरेच कमी झालेले असते.

कोकणात उतरल्यावर याच्या उलट अनुभव येतो. तेथे पारा दहा अंशांनी कमी असला तरी हवा दमट असते. घाम वाहतो, पण सुकत नाही. म्हणजे थंडाव्याचा मार्ग पुन्हा अडतो. विदर्भाच्या मानाने ऊन कमी म्हणून तेथे बेफिकीर राहू नये.

यावरून प्रवासाचे वेळापत्रक आपोआप ठरते. पहाटे पाचच्या सुमारास निघावे, अकराच्या आत सावली गाठावी, दुपारी विश्रांती घ्यावी आणि उरलेले थोडे अंतर सायंकाळी, अंधारापूर्वी संपवावे. अंगभर, सैल, सुती व फिक्या रंगाचे कपडे घालावेत. दर तासाला थांबून दोघांनीही पाणी प्यावे. ताक, पन्हे, लिंबू-सरबत ही आपल्याकडील पेये यासाठी उत्तम. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेले मिश्रण कोठेही तयार करता येते.

बोलण्यात विसंगती, चक्कर, तीव्र डोकेदुखी, अंग तापलेले असणे ही उष्माघाताची लक्षणे होत. गाडी चालविणाऱ्यास स्वतःची विसंगती सहसा कळत नाही. ती मागे बसलेल्या व्यक्तीच्या ध्यानात येते. म्हणून थांबण्याचा निर्णय मागील व्यक्तीने घ्यावा व पुढील व्यक्तीने तो मानावा, असा संकेत निघण्यापूर्वीच दोघांत ठरलेला असावा. रुग्णास सावलीत आडवे करावे, अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

मागील आसनावरील जीव

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार शिरस्त्राण चालकास जितके सक्तीचे आहे, तितकेच मागे बसणाऱ्यासही. प्रत्यक्षात पतीच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि पत्नीच्या डोक्यावर केवळ पदर किंवा रुमाल, हे दृश्य सर्रास आढळते. अपघातात रस्ता दोघांत भेद करीत नाही. शिरस्त्राणामुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी व मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत आढळले आहे. भारतीय मानक चिन्ह असलेले शिरस्त्राण घ्यावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधावा. पट्टा न बांधलेले शिरस्त्राण डोके आपटण्यापूर्वीच निसटते.

पदर आणि ओढणी चाकात किंवा साखळीत गुंतून झालेले अपघात ग्रामीण भागास अपरिचित नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ अन्वये प्रत्येक मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायठाण आणि मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन असलेच पाहिजे. गाडी देखणी दिसावी म्हणून ही जाळी काढून टाकणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. एका बाजूला पाय सोडून बसल्यास वजन एकीकडे जाते व अचानक ब्रेक लागल्यास तोल सावरता येत नाही. लांबच्या प्रवासात दोन्ही बाजूंना पाय टाकूनच बसावे व त्यास सोयीचा पोशाख करावा.

टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये. दोघांचे वजन व सामान असताना मागील चाकाचा दाब उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे वाढवावा. आंबा घाट उतरताना इंजिन बंद करण्याचा मोह टाळावा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढता आला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. म्हणजे इंजिनच वेग आवरते आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत.

समुद्राशी ओळख

चार दिवसांच्या तापानंतर भाट्ये किंवा गणपतीपुळ्याचा किनारा दिसताच पाण्यात धाव घेण्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु वर्धा नदीत पोहता येणारी व्यक्ती समुद्रात सुरक्षित असतेच असे नाही. परतणारे पाणी काही जागी एकवटून वेगाने खोल समुद्राकडे जाते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ओढून नेते. अशा प्रवाहात सापडल्यास त्याच्याविरुद्ध झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडावे. गणपतीपुळ्यास अशा दुर्घटना घडलेल्या आहेत. तेथील सूचनाफलक व जीवरक्षकांचा सल्ला पाळलाच पाहिजे.

भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने येते व दररोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणून भरतीची अदमासे वेळ काढण्याची रीत कोकणात जुनी आहे. अष्टमीस ती सहाच्या सुमारास येते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी विशेष चढते. मे महिन्याच्या अखेरीपासून समुद्र खवळू लागतो आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात मोसमी पाऊस पोहोचतो. म्हणून परतीचा प्रवास त्यापूर्वीच आटोपणे शहाणपणाचे.

मार्गावरील गावांचे साहाय्य

दुचाकीस्वार गावागावांतून जातो. त्यामुळे त्याची सुरक्षितता काही अंशी त्या गावांच्या हाती असते. उन्हाळ्यात पाणपोई चालू ठेवणे, बसथांब्यावर सावली करणे, गतिरोधकांवर पांढरे पट्टे मारून घेणे, बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागून चमकणाऱ्या पट्ट्या लावणे, ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. पेरणीपूर्वी धुरे पेटविण्याची प्रथा विदर्भात आहे. रस्त्यालगतच्या धुऱ्याचा धूर दुचाकीस्वारास क्षणात आंधळा करतो आणि आगीत कडेचे कडुनिंबही होरपळतात. ग्रामसभेने यास आळा घालावा.

अपघातग्रस्तास मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती अद्याप गेलेली नाही. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली घातलेल्या कलम १३४अ ने सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी दायित्वापासून संरक्षण दिले आहे; आपले नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, शाळेत समजावून सांगावी. देवळीच्या दांपत्याचा जीव उद्या अहमदपूर किंवा सांगोल्याजवळच्या एखाद्या अनोळखी शेतकऱ्याच्या तत्परतेवर अवलंबून असू शकतो. आणि सांगोल्याच्या प्रवाशाचा जीव देवळीकरांच्या.