मुंबईत भाड्याचे घर: आधी ऑफिस, मग उपनगर

बडोद्याची आपली मुले नोकरीसाठी मुंबईला गेली की आधी भाडे विचारतात. बँकेतल्या सवयीने मी वेळेचाही हिशेब मांडतो. समजा, लांबच्या उपनगरात भाडे ४,००० रुपयांनी कमी, पण प्रवास रोज दोन तासांनी जास्त. २५ दिवसांत ५० तास गेले. म्हणजे आपला तास ८० रुपयांना विकला! पासाचा खर्च वेगळाच.

ऑफिस चर्चगेट किंवा अंधेरीला असेल तर बोरिवली बघावे. बडोद्याच्या बऱ्याच गाड्याही तिथे थांबतात. सीएसएमटीला असेल तर ठाणे, डोंबिवली. दादरला गाडी बदलणे शक्यतो टाळावे. जिथून लोकल सुटते तिथे बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. भाडेकरारावर सही करण्यापूर्वी एकदा सकाळी साडेआठची गर्दी स्वतः अनुभवावी.