सैनिकाला जमीन कोण देणार?

रोमचं नाव काढलं की आपल्याला ज्युलियस सीझर आठवतो, आणि सीझर म्हटलं की ब्रूटस. शाळेत मीही एवढंच शिकलो होतो. एकीकडे महत्त्वाकांक्षी सेनापती, दुसरीकडे प्रजासत्ताकाची राखण करणारी सिनेट. दोघांचं जुंपलं आणि त्यात प्रजासत्ताक बुडालं. पुढे जुन्या ग्रीक आणि लॅटिन इतिहासकारांची भाषांतरं हाती आली, तेव्हा या गोष्टीत एक तिसरा माणूस दिसू लागला. तो म्हणजे साधा शिपाई. वर्षानुवर्षं परमुलखात लढून तो घरी परतला की खाणार काय, हा प्रश्न सिनेटने शंभर वर्षं टाळला. सेनापती आणि सिनेट यांच्या भांडणाचं मूळ मला तिथे दिसतं. आज त्याविषयीच बोलणार आहे.

सिनेट हा शब्द आपल्याकडे विद्यापीठांच्या निवडणुकांमुळे ओळखीचा झाला आहे. मूळ लॅटिन शब्दाचं नातं म्हातारपणाशी आहे. म्हणजे ही जाणत्यांची सभा. रोममध्ये तिचे सुमारे ३०० सभासद असत, बहुतेक सगळे बडे जमीनदार, आणि सभासदत्व साधारणपणे जन्मभराचं. गंमत अशी, की कायदे करण्याचा अधिकार या सभेला नव्हता. कायदे लोकसभांमध्ये मतदानाने होत, सिनेटने फक्त सल्ला द्यायचा. पण खजिना तिच्या ताब्यात होता. कोणत्या प्रांतावर कोणी जायचं, किती फौज न्यायची, मुदत वाढवायची की नाही, हेही प्रथेने तीच ठरवी. सेनापती कोणी परका नसे. तोही सिनेटचाच सभासद. मोहीम आटोपून तो पुन्हा त्याच सभेत येऊन बसायचा. शहराची पवित्र हद्द ओलांडली की त्याचा लष्करी अधिकार संपे, म्हणून विजययात्रेची परवानगी मिळेपर्यंत त्याने हद्दीबाहेरच थांबायचं. लुकुलस नावाचा मोठा सेनापती असा सुमारे तीन वर्षं वेशीबाहेर ताटकळला होता.

ही व्यवस्था चालली, कारण फौज शेतकऱ्यांची होती. ज्याच्या नावावर काही मालमत्ता आहे त्यालाच लढायला बोलवायचं, हा जुना दंडक. लढाई झाली की शिपाई आपल्या शेतावर परत. पण रोमची युद्धं स्पेन, आफ्रिका, आशिया अशी दूर दूर जाऊ लागली, तशी माणसं सलग सहा-सहा, दहा-दहा वर्षं घराबाहेर राहू लागली. सरकारी जमिनी मात्र बड्या लोकांनी बळकावलेल्या. त्या काढून गरिबांना वाटायच्या म्हणून तिबेरियस ग्राक्कसने कायदा केला, तेव्हा इ. स. पू. १३३ मध्ये सिनेटच्या सभासदांनी आणि त्यांच्या माणसांनी त्याला भर सभेत मारून टाकलं. जमिनीच्या प्रश्नाला हात घालणं किती महाग पडतं, ते सगळ्यांना कळलं.

इ. स. पू. १०७ मध्ये मारियस कॉन्सल झाला. हा खेड्याकडचा, कुलीन घराण्याबाहेरचा माणूस. आफ्रिकेत जुगुर्था राजाशी लढाई चालू होती आणि ती मोहीम सिनेटने मेटेल्लसकडे ठेवली होती. लोकसभेने मतदान करून ती मारियसला दिली. सिनेटच्या हातातली गोष्ट लोकांकडून परस्पर काढून घेता येते, हा धडा इथून पुढे प्रत्येकाने गिरवला. मारियसने आणखी एक केलं. ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नव्हती, अशांनाही त्याने भरती करून घेतलं. पूर्वी पुस्तकांत याला मारियसची लष्करी क्रांती म्हणत. आता बरेच अभ्यासक म्हणतात, की हा बदल हळूहळू होतच होता, एका माणसाने एका दिवसात केलेला नाही. मला ते पटतं. पण या भणंग शिपायाला परत जायला शेत नव्हतं, हे खरंच. इ. स. पू. १०३ मध्ये मारियसच्या सैनिकांना आफ्रिकेत जमीन द्यायचा कायदा झाला. माणशी १०० युगेरा, म्हणजे आपले साठेक एकर. तो सिनेटने केला नाही. सातुर्निनस नावाच्या ट्रिब्यूनने तो लोकसभेतून मंजूर करून घेतला. ट्रिब्यून म्हणजे सामान्य लोकांचा निवडलेला कैवारी. शिपाई काय समजायचं ते समजला. आपलं भलं सिनेटकडून व्हायचं नाही, ते आपल्या सेनापतीच्या वशिल्याने होईल.

पंधरा वर्षांनी त्याचं फळ दिसलं. इ. स. पू. ८८ मध्ये आशियातल्या मिथ्रिडेटीस राजावरची मोहीम कॉन्सल सुल्लाकडे आली होती. श्रीमंत मुलूख, लूटही भरपूर मिळणार. पुन्हा लोकसभेत मतदान झालं आणि मोहीम सुल्लाकडून काढून म्हाताऱ्या मारियसला देण्यात आली. सुल्लाची फौज तेव्हा इटलीतच, नोला शहराजवळ होती. त्याने शिपायांना जमवून सगळी हकीकत सांगितली. अ‍ॅपियन हा इतिहासकार लिहितो, की मारियस आपल्याऐवजी दुसऱ्यांनाच मोहिमेवर नेईल, अशी शिपायांना भीती पडली. ताबा घ्यायला आलेल्या मारियसच्या अधिकाऱ्यांना त्यांनी दगडांनी ठेचलं आणि ते सुल्लाला म्हणाले, आम्हाला रोमवर घेऊन चला. सुल्लाचे वरिष्ठ अधिकारी मात्र, एक सोडून सगळे, त्याला टाकून निघून गेले. स्वतःच्या शहरावर फौज न्यायची हे त्यांच्या बुद्धीला पटेना. शिपायांना त्याचं काही वाटलं नाही. रोमच्या लोकांनी छपरांवरून कौलं आणि दगड फेकले, तेव्हा सुल्लाने घरं पेटवायचा हुकूम दिला. रोमन फौज रोममध्ये लढत शिरली, ती ही पहिली वेळ.

सुल्ला पुढे डिक्टेटर झाला. विरोधकांच्या नावांच्या याद्या चौकात लावून त्याने त्यांची कत्तल करवली आणि त्यांच्या बाजूच्या गावांच्या जमिनी काढून आपल्या हजारो शिपायांना वाटल्या. खरं तर हा माणूस सिनेटच्या बाजूचा. त्याने तिचे सभासद दुप्पट केले, ट्रिब्यूनचे पंख छाटले, आणि सुभेदाराने फौज घेऊन प्रांताबाहेर पडू नये असा कायदाही केला. पण जो स्वतःच सैन्य घेऊन रोमवर चालून आला, त्याचा हा कायदा कोण मानणार? निवृत्त शिपायाच्या पोटाची कायमची सोय मात्र त्यानेही केली नाही.

आता पॉम्पीची गोष्ट सांगतो. मला ती या साऱ्या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी वाटते. इ. स. पू. ६२ च्या अखेरीला पॉम्पी पूर्वेकडचे देश जिंकून इटलीत उतरला. हा आता दुसरा सुल्ला होणार, अशा धास्तीने रोममध्ये लोकांची झोप उडाली होती. पॉम्पीने बंदरावर उतरताच फौजेला निरोप दिला आणि साध्या नागरिकासारखा तो रोमकडे निघाला. सिनेटला यापेक्षा चांगली संधी मिळणार नव्हती. त्याच्या मागण्या दोनच. पूर्वेत आपण केलेली व्यवस्था मंजूर करा आणि माझ्या शिपायांना जमीन द्या. सिनेटने दोन्ही अडवून धरल्या. लुकुलसचं पॉम्पीशी जुनं वैर, कॅटोला कुणीही एक माणूस मोठा झालेला खपत नसे, आणि कॉन्सल मेटेल्लस केलेरच्या बहिणीला पॉम्पीने घटस्फोट दिला होता! इ. स. पू. ६० मध्ये फ्लावियस नावाच्या ट्रिब्यूनने जमिनीचा प्रस्ताव आणला. मेटेल्लस ऐकेना, तेव्हा ट्रिब्यूनने चक्क कॉन्सललाच तुरुंगात टाकलं. मेटेल्लसने तुरुंगातच सिनेटची सभा बोलावली. फ्लावियस दारात बाक टाकून वाट अडवून बसला. तेव्हा मेटेल्लस म्हणाला, भिंत फोडा आणि सभासदांना आत घ्या. शेवटी पॉम्पीलाच लाज वाटली आणि त्याने फ्लावियसला आवरलं. सभासदांना तो दिवस आपल्या विजयाचा वाटला असेल. तिकडे पॉम्पीचे शिपाई वर्ष-दीड वर्ष जमिनीची वाट पाहत होते.

त्याच साली सीझर स्पेनहून आला. विजययात्रा काढायची तर हद्दीबाहेर थांबायचं आणि कॉन्सलपदाला उभं राहायचं तर शहरात यायचं, असा पेच होता. सवलत मिळू नये म्हणून कॅटो सिनेटमध्ये सूर्यास्तापर्यंत बोलत राहिला. सीझरने यात्रा सोडली आणि निवडणूक लढवली. मग अडलेला पॉम्पी, धनाढ्य क्रॅसस आणि सीझर असे तिघे एक झाले. ही युती सिनेटने आपल्या हाताने जुळवून दिली, असं मी म्हणेन. इ. स. पू. ५९ मध्ये सीझरने जमिनीचा कायदा लोकसभेत आणला. दुसरा कॉन्सल बिबुलस विरोध करायला आला, तर जमावाने त्याच्या डोक्यावर शेणाची टोपली रिकामी केली. कायदा झाला, पॉम्पीच्या शिपायांना जमीन मिळाली, आणि सीझरला गॉलचा प्रांत, फौज आणि पाच वर्षांची मुदत. पुढे ती आणखी पाच वर्षं वाढली.

रुबिकॉन नदीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, ती पुन्हा सांगत नाही. त्याआधीचं एक मतदान मात्र सांगायला हवं. इ. स. पू. ५० च्या डिसेंबरात ट्रिब्यून क्युरिओने ठराव मांडला, की सीझर आणि पॉम्पी दोघांनीही आपापल्या फौजा सोडाव्यात. ३७० जणांनी बाजूने मत दिलं, विरोधात फक्त २२. म्हणजे सिनेटच्या प्रचंड बहुमताला युद्ध नको होतं. पण कॉन्सल मार्सेल्लसने सभाच मोडली आणि फौज उभी करायला पॉम्पीच्या हाती तलवार दिली. महिनाभरात, इ. स. पू. ४९ च्या जानेवारीत, सीझर नदी उतरून आला. शनिदेवाच्या देवळात ठेवलेला खजिना त्याने उघडायला लावला, तेव्हा आडवा आलेल्या ट्रिब्यूनला जीव घेण्याची धमकी दिली. सिनेटच्या हातात जो खजिना होता, तोही असा गेला.

इ. स. पू. ४४ मध्ये सीझरचा खून झाला, पण शिपायाचा प्रश्न होता तिथेच राहिला. पुढच्याच वर्षी सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन, वय अवघं एकोणीस, याला कॉन्सलपद हवं होतं. त्याच्या फौजेचं शिष्टमंडळ सिनेटमध्ये गेलं. सभासद काचकूच करताहेत असं दिसताच एका अधिकाऱ्याने अंगावरचं वस्त्र बाजूला सारून तलवारीची मूठ दाखवली. तुम्ही केलं नाहीत तर ही करेल, असं तो म्हणाल्याचं सांगतात. इटलीतली १८ श्रीमंत गावं शिपायांना जमिनीसाठी लिहून दिली गेली. कवी होरेसच्या बापाची जमीनही याच धामधुमीत गेली.

हाच ऑक्टेव्हियन पुढे ऑगस्टस झाला. शिपायाचं मोल त्याच्याइतकं कुणाला कळलं नव्हतं. आपण जमिनी विकत घेऊन शिपायांना दिल्या आणि त्यासाठी इटलीत सुमारे ६० कोटी व प्रांतांत २६ कोटी सेस्टर्स मोजले, असं त्याने स्वतःच्या कारकिर्दीच्या लेखात नोंदवलं आहे. अखेर इ. स. ६ मध्ये त्याने सैनिकांसाठी वेगळा खजिना काढला. त्यात स्वतःचे १७ कोटी घातले, आणि पुढच्या खर्चासाठी वारशावर शेकडा पाच कर बसवला. जवळचे नातलग आणि गरीब यांना त्यातून सूट होती. साध्या शिपायाला नोकरी पुरी झाल्यावर १२,००० सेस्टर्स मिळायचे ठरले. आता शिपायाला सेनापतीच्या तोंडाकडे पाहायची गरज उरली नाही. पैसे सरकारी खजिन्यातून येणार, आणि खजिना बादशहाचा.

सिनेटला हा करही टोचला. सभासदांनी कुरकुर चालूच ठेवली. इ. स. १३ मध्ये म्हाताऱ्या ऑगस्टसने त्यांना सांगितलं, दुसरा मार्ग सुचवा. कुणाला काही सुचेना. मग त्याने जमिनी आणि घरांवर कर बसवायचा विचार बोलून दाखवला आणि मोजणीला माणसंही धाडली. ते पाहताच सभासदांनी वारशाचा कर मुकाट्याने कबूल केला.

पुढच्या वर्षी ऑगस्टस वारला आणि ऱ्हाइन व डॅन्यूब नद्यांवरच्या छावण्यांत बंड झालं. मुदत उलटली तरी आम्हाला सोडत नाहीत, आणि जमीन म्हणून देतात ती दलदल नाहीतर डोंगरकडे, अशी शिपायांची तक्रार होती. ऱ्हाइनवर जर्मानिकस त्यांची समजूत घालायला गेला. काही म्हाताऱ्या शिपायांनी मुका घेण्याच्या निमित्ताने त्याचा हात धरला आणि त्याची बोटं आपल्या तोंडात घालून बोळक्या हिरड्या चाचपायला लावल्या.