जुनी जिप्सी घेताय? कोणत्या सालची घ्यावी?

मारुती जिप्सीची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबून काही वर्षे झाली. तरी ताडोबाच्या सफारीपासून सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांपर्यंत ती अजून धावते आणि जुन्या बाजारात तिला मागणीही आहे. बाहेरून सगळ्या जिप्सी सारख्याच दिसतात. इंजिन, गिअर आणि ब्रेक मात्र सालानुसार बदलत गेले आहेत.

कोणत्या साली काय बदलले?

● १९८५ : ९७० सीसीचे कार्बोरेटर इंजिन, सुमारे ४५ बीएचपी ताकद, चार गिअर.

● १९९३ : डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर ९० मिलिमीटरने वाढले. त्यामुळे वळणावर गाडी अधिक स्थिर झाली. इंजिन तेच राहिले.

● १९९६ : 'जिप्सी किंग' आली. १२९८ सीसी इंजिन, सुमारे ६० बीएचपी, पाच गिअर. कार्बोरेटर कायम.

● २००० : एमपीएफआय इंजिन, सुमारे ८० बीएचपी. ब्रेकला बूस्टर मिळाला.

मग कोणती घ्यावी?

घाट, महामार्ग आणि नेहमीचा वापर असेल तर २००० नंतरची घ्या. भरलेल्या गाडीने घाट उतरताना बूस्टरचा फरक पायाला जाणवतो. हौस म्हणून अधूनमधून चालवायची असेल तर १९९३ ते १९९९ मधली चालेल. पण कार्बोरेटरचा जाणकार मेकॅनिक जवळपास आहे का, हे आधी पाहा. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्याही बदलून घ्या. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे त्या लवकर खराब होऊ शकतात.

सांगितलेले साल खरे कशावरून?

आरसीवर उत्पादनाचे महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी असते. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीत हे अंतर बरेच मोठे असू शकते. काही जुन्या गाड्यांत नंतर मोठे इंजिन बसवलेले असते. त्यामुळे चॅसी आणि इंजिन क्रमांक आरसीशी स्वतः जुळवून पाहा. परराज्यातील गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला करही भरावा लागतो.

'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होईल?

नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी. सर्वांत पहिल्या जिप्सीलाही अजून तेवढी वर्षे झालेली नाहीत. त्यामुळे १५ वर्षांनंतर आरटीओत तपासणी, पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि पर्यावरण कर चुकत नाही. हा खर्च धरूनच भाव ठरवा.

शेवटची तपासणी

गाडी रॅम्पवर चढवून चॅसी खालून पाहा. कोकण किनाऱ्यावर वापरलेली असेल तर हे हवेच. खाऱ्या हवेने पत्रा आतून खातो आणि वरचा नवा रंग ते झाकतो. इंजिनाचे काम पुढेमागे करता येते. चॅसी सडलेली असेल किंवा क्रमांक जुळत नसतील, तर गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी सौदा सोडून द्या.