सुईमागचा हात

हनुवटीवरच्या केसांचा विषय एक बाई दुसरीजवळसुद्धा सहज काढत नाही. पर्समध्ये छोटा चिमटा असतो, दर दहा-बारा दिवसांनी पार्लरमध्ये थ्रेडिंग होतं, लग्नकार्य आलं की आदल्या दिवशी वॅक्सिंग, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा बेसन-हळदीचा सल्ला तर कायमचाच. पीसीओडीमुळे किंवा दुसऱ्या कुठल्या कारणाने ज्यांना राठ, काळे केस येतात, त्यांची अशी वर्षंच्या वर्षं जातात.

मग कधीतरी लेझर. लेझरने अनेकींना खरोखर आराम पडतो. पण लेझरचा प्रकाश शोषून घेतं ते केसातलं काळं रंगद्रव्य, मेलॅनिन. केस पांढरा झाला की प्रकाश धरायला तिथे काही उरत नाही. सावळ्या त्वचेत तेच मेलॅनिन कातडीतही भरपूर असतं, त्यामुळे यंत्र किंवा त्याची शक्ती चुकीची निवडली तर भाजतं, काळे डाग पडतात. चेहऱ्यावरच्या बारीक लवेवर लेझर मारल्यावर तिथेच उलट जाड केस उगवल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यांत दक्षिण आशियाई आणि भूमध्यसागरी वंशाच्या बायकांचा उल्लेख वारंवार येतो. चाळिशी-पन्नाशीतल्या, केस पिकू लागलेल्या मराठी बाईला, किंवा पांढरी झाक आलेल्या दाढीपासून सुटका हवी असलेल्या ट्रान्स स्त्रीला, लेझरवाल्याकडे सांगण्यासारखं फार काही नसतं. त्यांच्यासाठी जो उपाय आहे तो जुना आहे, सावकाश चालणारा आहे, आणि दुर्दैवाने आपल्या शहरांतून मागे पडला आहे. तो म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. अमेरिकेतली सरकारी औषध यंत्रणा, एफडीए, लेझरसाठी केसांची ‘कायमस्वरूपी घट’ एवढाच दावा मान्य करते. केस कायमचे काढण्याचा दावा ती मान्य करते तो इलेक्ट्रोलिसिससाठी.

या कलेचा जन्म सौंदर्याच्या दुकानात झालेला नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात चार्ल्स मिशेल नावाचे नेत्रवैद्य होते. पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासतात असे रोगी त्यांच्याकडे यायचे. केस उपटला तरी काही आठवड्यांत परत उगवायचा आणि डोळ्याची जखम चालूच राहायची. मिशेल यांनी बारीक सुई केसाच्या मुळाशी नेऊन तिच्यातून बॅटरीचा प्रवाह सोडला. त्यांनी हा उपाय १८७५ साली प्रसिद्ध केला, आणि त्याच शहरातले त्वचारोगतज्ज्ञ विल्यम हार्डवे यांनी लवकरच तो चेहऱ्यावरच्या केसांसाठी वापरला.

त्यामागचं रसायनशास्त्र शाळेच्या प्रयोगशाळेतलंच आहे. केस ज्या नळीसारख्या कूपात वाढतो तिथे ओल असते आणि त्या ओलीत मीठ असतं. ऋण टोकाला जोडलेली सुई आत गेली आणि प्रवाह सुरू झाला, की सुईभोवती सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, तयार होतो आणि तो मुळाच्या पेशी विरघळवतो. दुसरं, धन टोक रोग्याच्या हातात दांडीसारखं दिलेलं असतं. ही जोडणी उलटी झाली तर सुईतलं लोखंड सुटून कातडीत काळा ठिपका कायमचा बसू शकतो.

ही गॅल्व्हॅनिक पद्धत भरवशाची, पण एकेका केसाला मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ घेणारी. म्हणून १९१६च्या सुमारास न्यूयॉर्कच्या पॉल क्री यांनी एकाच वेळी अनेक सुया लावण्याची रीत आणली. पुढच्या दशकात फ्रान्समधल्या लियाँचे डॉक्टर आंरी बोर्दिए यांनी उच्च वारंवारतेचा प्रवाह वापरला. त्यात सोडा तयार होत नाही, उष्णतेने पेशी मरतात आणि काम काही सेकंदांत होतं. याला थर्मोलिसिस म्हणतात. आर्थर हिंकल आणि आंरी सेंट पिएर यांनी दोन्ही प्रवाह एका सुईतून सोडणारं यंत्र केलं आणि १९४८ साली त्याचं पेटंट मिळवलं. सोडा तापला की कितीतरी वेगाने काम करतो, हे त्यातलं मर्म. ‘ब्लेंड’ या नावाने ती पद्धत आजही चालते, आणि वर्षानुवर्षं उपटून वाकडी झालेली मुळं असतील तर ती मला सगळ्यांत समजूतदार वाटते. सुईचं टोक जिथे पोचत नाही तिथे सोडा झिरपत पोचतो.

याच काळात अमेरिकेत एक भयंकर आडवाटही निघाली. १९२०च्या दशकात अल्बर्ट गायझर या डॉक्टरने ‘ट्रिको’ नावाची क्ष-किरणांची पेटी पार्लरांना पुरवली. सुई नाही, वेदना नाही, खुर्चीत बसायचं आणि केस गळायचे. हजारो बायका त्या पेटीसमोर बसल्या. काही वर्षांनी त्यांच्या हनुवटीची, गालांची कातडी सुकली, व्रण झाले, कित्येकींना कर्करोग झाला. झटपट आणि वेदनारहित असं कुणी सांगू लागलं की मला या बायका आठवतात.

चित्रपटाची गोष्ट त्या मानाने सुखाची. रिटा हेवर्थ म्हणून जग जिला ओळखतं त्या मार्गारिटा कॅन्सिनोच्या कपाळावर केस फार खाली आलेले होते. हॉलिवुडमध्ये इलेक्ट्रोलिसिसने ती केशरेषा एकेक केस काढत वर सरकवली. पुढच्या सगळ्या छायाचित्रांतलं ते रुंद कपाळ म्हणजे कुणातरी कारागिराच्या हाताचं काम आहे.

आणि मुद्दा हाताचाच आहे. यंत्र विकत मिळतं. हात तयार व्हायला वर्षं लागतात.

चांगल्या हाताचं काम जवळून पाहिलं म्हणजे हे लगेच पटतं. डोळ्यांवर भिंग किंवा सूक्ष्मदर्शक, प्रखर दिवा, डाव्या हाताच्या दोन बोटांनी ताणलेली कातडी, उजव्या हातात सुई. सुईची जाडी ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर, केसाच्या जाडीप्रमाणे निवडलेली. ती कातडीला भोसकत नाही. केस ज्या छिद्रातून बाहेर येतो त्याच छिद्रातून, ज्या कोनात तो उगवला त्याच कोनात, ती केसाला लागून काही मिलिमीटर खाली सरकते आणि तळाशी गेल्यावर बोटांना हलकासा अडथळा जाणवतो. कातडीला खळी पडली तर कोन चुकला. रक्ताचा ठिपका आला तर कूपाची भिंत फुटली. सुई उथळ राहिली तर मूळ जिवंत राहतं आणि वरची कातडी भाजते. मग प्रवाह, आणि लगेच चिमटा. योग्य जागी काम झालं असेल तर केस लोण्यातून काढावा तसा येतो, टोकाशी काळपट कंद आणि त्याभोवती पारदर्शक ओलसर आवरण घेऊन. ज्या बाईंचं काम मी बसून पाहिलं त्या दर थोड्या वेळाने विचारत होत्या, “ताई, केस ओढल्यासारखा वाटला का? वाटला तर लगेच सांगा.” हा प्रश्न न विचारणाऱ्याकडे मी कुणाला पाठवणार नाही. ओढल्याचं जाणवलं याचा अर्थ केस मेला नाही, फक्त उपटला गेला. ते काम थ्रेडिंगवाली कितीतरी स्वस्तात करते.

कंदाच्या वरच्या भागापर्यंतही प्रवाह पोचावा लागतो. जॉर्ज कोट्सारेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली उंदरांवर दाखवलं, की केस पुन्हा घडवणाऱ्या मूळपेशी तळाशी नसून कूपाच्या मधल्या फुगवट्यात असतात. तळ जाळूनही केस परत का येतो, याचा मोठा उलगडा त्यातून झाला.

अमेरिकेत काही राज्यांत या कामाला परवाना लागतो. कॅलिफोर्नियात त्यासाठी ६०० तासांचं शिक्षण आहे. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉलॉजी संघटनेची परीक्षा देऊन ‘सीपीई’ हे प्रमाणपत्रही मिळवता येतं. आपल्याकडे असा वेगळा परवाना नाही. काही त्वचारोगतज्ज्ञ हे काम करतात, काही ब्यूटी थेरपीच्या डिप्लोमात ते शिकलेल्या बायका करतात, आणि दोन्हीकडे उत्तम आणि कच्चे हात सापडतात. मुंबई-पुण्यातसुद्धा चौकशी करत फिरावं लागतं, कारण तेवढ्याच वेळात लेझर कितीतरी मोठी जागा साफ करतं आणि दवाखान्याचा हिशेब लेझरच्या बाजूने लागतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांना या सुईची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्याच गावात ती मिळत नाही.

तेव्हा पारख आपल्यालाच करावी लागते. पहिल्या भेटीत समोरची व्यक्ती काय विचारते ते ऐकावं. पाळी नियमित आहे का, हार्मोन्सच्या तपासण्या झाल्या का, कातडीवर व्रण वाढून जाड होतात का, हृदयात पेसमेकर आहे का. हे न विचारता सुई उचलणारा माणूस टाळावा. मेलेला केस परत येत नाही हे खरं, पण हार्मोन्स बिघडलेलेच राहिले तर शेजारची लव जाड होत राहते. हे आधीच सांगणारा माणूस प्रामाणिक असतो. ‘सहा सीटिंगमध्ये काम संपेल’ असं छातीठोक सांगणारा नसतो. केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, काही कूप विश्रांतीत असतात. त्यामुळे जागा एकदा साफ झाली तरी मागून नवे केस येतात आणि संपूर्ण काम वर्ष-दीड वर्ष चालतं, कधी त्याहून जास्त. सीटिंगमधलं अंतर मात्र वाढत जातं आणि वेळ कमी होत जातो.

सुई पाकिटबंद असावी, आपल्यासमोर फोडावी आणि वापरून फेकून द्यावी. एकमेकांना लागून असलेल्या सगळ्या केसांवर एकाच सीटिंगमध्ये हात चालवू नये, मध्ये जागा सोडावी. ओठाच्या वर दुखतं. बधिर करणारं मलम चालतं का, ते विचारायला संकोच करू नये. उपचाराच्या काळात चिमटा आणि दोरा बंद, पण कात्री किंवा रेझर चालतो. यावर बायका दचकतात. रेझरने केस जाड होत नाहीत, आणि मूळ जागेवर राहिल्याशिवाय सुईला काम नाही.

पैसे बहुधा मिनिटांच्या हिशेबाने घेतात. म्हणून सुरुवातीला पंधरा मिनिटांचंच काम मागावं, तेही जबड्याखाली, सहसा नजर जात नाही अशा जागी. काही दिवस लाली आणि बारीक खपल्या राहतील, त्या नखाने काढायच्या नाहीत. पुढची वेळ तीन-चार आठवड्यांनंतरचीच घ्यावी. खपल्या गळून गेल्यावर तिथे खड्डा किंवा काळा डाग राहिला का, ते तोवर आरशात दिसलेलं असतं, आणि पुढे त्याच हातात चेहरा द्यायचा का हे ठरवता येतं.